सात नंबरची खुर्ची सोडत नाही

डायलिसिसच्या वॉर्डाबाहेरचा हॉल चिंचोळा. एरवी तिथे चार नातेवाईक बाकांवर पेंगत बसलेले असतात आणि आतल्या यंत्रांची घरघर तेवढी ऐकू येते. त्या दिवशी मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. नातेवाईक होते, वॉर्डबॉय होते, खालच्या मजल्यावर डोळे तपासायला आलेली माणसं डोळ्यांत औषध घालून तशीच वर आली होती. त्यांना धड दिसत नव्हतं, पण चमत्कार चुकवायचा नव्हता.

सगळ्यांच्या माना मोठ्या सिस्टरांच्या टेबलाकडे वळलेल्या. टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्या स्क्रीनवर टेकवलेला यंत्रबाबांचा उजवा पंजा, आणि कीबोर्डपाशी खाली मान घालून बसलेला हॉस्पिटलचा कॉम्प्युटरवाला. तो बाबांचा सख्खा भाचा. "मी आपला सेवेला बसलोय," असं तो आल्यापासून कुणी न विचारता दोनदा म्हणाला होता.

यंत्रबाबा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जटा आणि दाढी आली असेल तर ती पुसून टाका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायांत चकचकीत बूट. पूर्वी ते लिफ्ट दुरुस्त करायचे. एकदा म्हणे दोन मजल्यांच्या मध्ये अडकले असताना लिफ्ट त्यांच्याशी बोलली. काय बोलली ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण तेव्हापासून लिफ्ट दुरुस्त करणं सोडून त्यांनी माणसं दुरुस्त करायला घेतली.

"यंत्राला जीव असतो," बाबा हळू आवाजात म्हणाले. हळू बोललं की माणसं जवळ सरकतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. "यंत्राला राग येतो, लोभ येतो, माया जडते. घरातलं माणूस गेलं की भिंतीवरचं घड्याळ बंद पडतं. पाहिलंय ना कुणी?"

तीनचार जणांनी पाहिलं होतं. घरात माणूस गेल्यावर घड्याळात सेल घालायची कुणाला शुद्ध असते, हे काही कुणी विचारलं नाही.

"या सात नंबरच्या खुर्चीचं तसंच झालंय. तिला माणसाची चटक लागली आहे. एकदा नाव लागलं की ती सोडत नाही."

स्क्रीनवर आठ चौकोन होते, आठ खुर्च्यांचे, आणि प्रत्येक चौकोनात उद्या सकाळच्या बॅचच्या एकेका पेशंटचं नाव. सातव्या चौकोनात मास्तरीणबाईंच्या आईचं नाव होतं. मास्तरीणबाई गर्दीत दुसऱ्या रांगेत उभ्या होत्या, आईचा दंड घट्ट धरून. त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि पोरांना रोज बजावायच्या की 'का' विचारल्याशिवाय काही लिहून घेऊ नका. आत्ता त्या स्वतःच 'का' विचारायचं विसरल्या होत्या.

बाबांनी डोळे मिटले, ओठ हलवले. भाच्याची बोटं कीबोर्डवर हलली, पण त्या बोटांकडे कोण बघतो? सगळे पंज्याकडे बघत होते. आणि पंज्याखालून आईचं नाव सातव्या चौकोनातून सुटलं आणि चौथ्या चौकोनात जाऊन बसलं. तिथे आधीच ड्रायव्हरकाकांचं नाव होतं. आता एका खुर्चीवर दोन नावं, आणि सात नंबर रिकामा.

हॉलमधून एक लांब उसासा निघाला. हेच नाव मोठ्या सिस्टरांनी कितीतरी वेळा हलवून पाहिलं होतं आणि दर वेळी कॉम्प्युटरने लाल अक्षरांत एकच उत्तर दिलं होतं: 'खुर्ची भरलेली आहे. बदल नाकारला.'

"आता बघा हं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी पंजा उचलला.

चारातलं नाव गेलं. आईचं नाव परत सातात आलं. कुणी हात लावला नव्हता, निदान दिसेल असा तरी.

मास्तरीणबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. आईने पदर तोंडाशी नेला.

"सोडत नाही," बाबा म्हणाले. "माझ्या हाताखाली क्षणभर सोडलं, हात काढला की ओढून घेतलं. दोघांना नेलंय तिने. तिसरं माणूस समोर उभं आहे." मग ते दादाकडे वळले. दादा म्हणजे मास्तरीणबाईंचा थोरला भाऊ. सकाळपासून हात जोडून उभा होता. "उद्याची डायलिसिसची पाळी घ्यायची नाही. त्या खुर्चीला आईचं अंग लागता कामा नये. माझ्याकडे आणायचं. मंतरलेलं पाणी देईन, मोठी बाटली, दिवसभरात संपवायची. आणि एक सांगून ठेवतो. परीक्षा पाहायची नाही. मध्येच वजन कर, मध्येच रक्त तपास, असला संशय धरलात की बंधन आवळतं. शेवटी फळ दिसेलच."

"ऐका त्यांचं," मागून एक बाई म्हणाल्या. त्या दुकानदारीणकाकू. सातव्या खुर्चीवर आईच्या आधी त्यांचे यजमान होते. जाऊन फार दिवस झाले नव्हते. "आम्ही उशिरा गेलो हो बाबांकडे. तुम्ही उशीर करू नका."

या एका वाक्याने दादाचा जो काही निर्णय व्हायचा राहिला होता तो झाला.

आता त्या खुर्चीची मागची गोष्ट सांगायला हवी. सातव्या खुर्चीवर एसीचा झोत थेट यायचा. तिथे पहिल्यांदा एक निवृत्त पोस्टमन बसायचे, वयाने थकलेले, हाडं दिसत होती. त्यांनी म्हटलं, थंडी वाजते, जागा बदलून द्या. तेव्हा हा नवा प्रोग्राम नुकताच आला होता. सिस्टरांनी नाव हलवायला घेतलं, कॉम्प्युटरने नाकारलं. पुढे ते पोस्टमन गेले. रिकामी झालेली खुर्ची नव्या पेशंटला मिळाली, म्हणजे दुकानदारकाकांना. 'आधीचे याच खुर्चीवर गेले' हे त्यांच्या कानावर आलंच. त्यांनीही जागा बदलून मागितली. कॉम्प्युटरने पुन्हा नाकारलं. मग तेही गेले. आणि नाव लागलं आईचं.

गर्दी पांगल्यावर मास्तरीणबाईंनी मोठ्या सिस्टरांना गाठलं. "सिस्टर, नाव गेलं खड्ड्यात. तुम्ही तिला सरळ उचलून चार नंबरला बसवा ना."

"तसं करता येत नाही बाई." सिस्टर आजूबाजूला बघत बोलत होत्या. "प्रत्येक पेशंटचा रक्त गाळायचा फिल्टर वेगळा. धुऊन पुन्हा त्यालाच लावतो. ज्या खुर्चीवर ज्याचं नाव, त्याचाच फिल्टर त्या यंत्राला. एकाचा दुसऱ्याला लागला तर जिवावर बेतेल. म्हणून तर हा प्रोग्राम आणला. एका खुर्चीवर एकच नाव, आणि खुर्चीविना पेशंट ठेवायचा नाही. नियम चांगलाच आहे. पण..."

"पण काय?"

"मी इतकी वर्षं नर्स आहे. मी असलं मानत नाही. पण ते नाव मी माझ्या हाताने हलवून पाहिलंय." सिस्टरांनी ॲप्रनला हात पुसले. "सकाळी वॉर्ड उघडायला आले की मी सातकडे बघत नाही. खरं सांगते."

"आणि उद्याची पाळी चुकली तर?"

सिस्टर ताठ झाल्या. "चुकवू नका. तुमच्या आईला लघवी होत नाही. प्यालेलं पाणी अंगातच राहतं, फुप्फुसात चढतं. दिवसाला मोजून पाणी दिलंय आपण त्यांना. आणि तो मोठी बाटली म्हणतोय."

"दुकानदारकाकांचं काय झालं होतं?"

सिस्टरांनी टेबलावरचे कागद सरळ केले. "शेवटच्या पाळ्यांना आलेच नाहीत. का आले नाहीत, ते मी विचारलं नाही."

मास्तरीणबाईंची शाळा दुपारची. त्या गेल्या खऱ्या, पण वाटभर डोक्यात एकच हिशोब चालला होता. एका बाजूला खुर्ची आणि दुसऱ्या बाजूला बाटली. खुर्चीवर बसवावं तर आई भीतीने अर्धी होणार. न बसवावं तर दोन दिवसांत श्वास लागणार. आणि मनाच्या तळाशी एक चोरटा आवाज सारखा म्हणत होता, तू पाहिलंस ना, नाव परत गेलं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस.

शाळेत वेळापत्रकाचं काम त्यांच्याकडे होतं. स्टाफरूमच्या भिंतीवर कापडी फलक, त्याला ओळीने खिसे, आणि खिशाखिशात शिक्षकांच्या नावांची पुठ्ठ्याची कार्डं. एका वर्गाला एका तासाला एक शिक्षक. एक शिक्षक एका वेळी एकाच वर्गात. कुठला वर्ग मोकळा सोडायचा नाही. तीन साधे नियम, पण ते पाळता पाळता मास्तरीणबाईंचे केस पांढरे झाले होते.

"माझा शेवटचा तास चित्रकलेच्या सरांशी बदलून द्या ना," इतिहासाच्या बाई म्हणाल्या. "डोकं ठणकतंय."

मास्तरीणबाईंनी यंत्रासारखं इतिहासाचं कार्ड काढलं, चित्रकलेचं कार्ड काढलं, आणि दोन्ही हातांत दोन कार्डं धरून त्या तशाच उभ्या राहिल्या.

"काय झालं हो?"

फलकावर दोन खिसे रिकामे होते. दोन वर्गांना आत्ता शिक्षकच नव्हता. नियम मोडला होता, ढळढळीत मोडला होता, आणि तरी काही बिघडलं नव्हतं, कारण काम अजून अर्ध्यात होतं. ह्याच क्षणी कुणी येऊन म्हणालं असतं, 'अहो, हा वर्ग मोकळा कसा, ठेवा ते कार्ड जागेवर,' तर जगात कुठलेही दोन तास कधीच बदलता आले नसते. एक कार्ड दुसऱ्याच्या खिशात घालावं तर 'खिसा भरलेला आहे', आधी काढून घ्यावं तर 'वर्ग मोकळा आहे'. आठही खुर्च्या भरलेल्या. खुर्चीविना पेशंट ठेवायचा नाही.

"बाई, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"सात नंबरचंच नाव का हलवून पाहिलं सगळ्यांनी?" मास्तरीणबाई फलकालाच विचारत होत्या. "दोन नंबरचं कुणी पाहिलं?"

त्यांना जरा धीर आला. पूर्ण नाही. कारण नाव का अडतं, हे आता कळल्यासारखं वाटत होतं. पण पंज्याखाली ते सुटलं कसं आणि परत गेलं कसं, ते काही केल्या कळत नव्हतं. आणि कळलं नाही तर उद्या आईच्या घशात ती बाटली जाणार होती.

घरी आई खिडकीपाशी बसून होती. आईने आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले. बोलणंही तसंच, कात्रीसारखं. त्या दिवशी मात्र ती एवढंच म्हणाली, "मला त्या खुर्चीवर बसवू नका गं. मरायची भीती नाही मला. पण असं कुणीतरी धरून ठेवलंय ही भीती नको."

मास्तरीणबाईंना रडू फुटलं. आईसमोर रडायचं नाही असं ठरवूनही फुटलं.

दादाशी भांडण्यात अर्थ नव्हता. तो वाईट नव्हता, घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला कुणीतरी ठामपणे काहीतरी सांगणारं हवं असतं. बाबा ठामपणे सांगत होते. "दादा, एवढं ऐक," मास्तरीणबाई म्हणाल्या. "बाबांना उद्या हॉस्पिटलातच बोलाव. तिथूनच आईला घेऊन जाऊ दे त्यांना, सगळ्यांसमोर." दादाला हे पटलं. बाबांना तर फारच पटलं. गर्दी जमायची होती.

सकाळी हॉल पुन्हा भरला. बाबा पांढऱ्याशुभ्र शर्टात, शेजारी भाचा, भाच्याच्या हातात पाण्याची बाटली. आई बाकावर, पदर तोंडाशी धरून. दुकानदारीणकाकू तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"निघण्याआधी एक विनंती," मास्तरीणबाई म्हणाल्या. "सिस्टर, दोन नंबरचं नाव पाचवर हलवता का?"

सिस्टर दचकल्या. "दोनचं? त्यांना कुठे हलायचंय?"

"कुठेच नाही. नुसतं हलवून बघा."

सिस्टरांनी बिचकत बिचकत कळ दाबली. 'खुर्ची भरलेली आहे. बदल नाकारला.'

"आता एकचं सहावर."

'खुर्ची भरलेली आहे. बदल नाकारला.'

"बघा," मास्तरीणबाई वळून म्हणाल्या. "सोडत नाही ती एकटी सात नंबरची खुर्ची नाही. कुठलीच सोडत नाही. बाकीच्यांना कुणी विचारलंच नव्हतं."

त्यांना वाटलं होतं, आता लोकांचे डोळे उघडतील. झालं उलटंच. हॉल एकदम थंड पडला. ड्रायव्हरकाका छातीवर हात ठेवून म्हणाले, "म्हणजे मलाही धरलंय का चार नंबरने?" आणि बाबांनी ती संधी अशी झेलली की कौतुक करावं.

"पसरलं," ते कुजबुजले. "सात नंबरने बाकीच्या सगळ्या जणींना बाधा केली. मी म्हणालो होतो, परीक्षा पाहू नका."

एक बाई रडायला लागल्या. कुणीतरी आपल्या म्हाताऱ्याला उठवून दाराकडे न्यायला निघालं. आत्ता इथे आठ माणसं पाळी सोडून घरी गेली असती, आणि त्याला कारण त्या झाल्या असत्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "बाबा, तुमच्या हाताखाली सुटतं ना? मग ठेवा हात. फक्त कळ आज सिस्टर दाबतील."

भाचा उठला नाही. बाबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. सगळ्या हॉलने मात्र बघितलं. शेवटी तो उठला, सिस्टर बसल्या, बाबांनी पंजा टेकवला, डोळे मिटले, ओठ कालच्यापेक्षा जास्त वेळ हलवले.

'खुर्ची भरलेली आहे. बदल नाकारला.'

"श्रद्धा नसलेलं माणूस समोर उभं आहे," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "शक्ती कशी उतरेल?"

"मी जाते बाहेर." आणि मास्तरीणबाई खरंच गेल्या. काचेच्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, डोळे मिटून. तिथे त्यांना जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती. आपण नसताना ते नाव हललं तर? मग काय खरं मानायचं, आणि पोरांना उद्या काय शिकवायचं? आतून काहीच आवाज येईना. मग ड्रायव्हरकाकांचा खर्जातला आवाज आला. "लाल अक्षरंच दाखवतंय हो. या आत, बाई."

त्या आत आल्या आणि सरळ भाच्यासमोर उभ्या राहिल्या. "आता तुम्ही बसा. आणि बाबा, तुम्ही तेवढे बाहेर जा."

भाच्याने मामाकडे पाहिलं. मामाने पेन नीट केलं. कुणीच हलेना, तेव्हा दुकानदारीणकाकू पुढे आल्या. "बस ना रे बाळा," त्या मायेने म्हणाल्या. "मागे आमच्या ह्यांच्या वेळी केलंस, काल केलंस, तसंच कर. दाखव ह्यांना बाबांचं सामर्थ्य."

त्या मायेनेच तो मोडला. बाटली टेबलावर ठेवून खाली बसला आणि स्क्रीनकडे बघत बोलायला लागला, कारण काकूंकडे बघणं त्याला जमत नव्हतं.

"प्रोग्राम प्रत्येक बदल लगेच तपासतो. एक नाव हलवलं की तिथल्या तिथे बघतो, खुर्ची मोकळी आहे का. सगळ्या भरलेल्या असल्या की कुणालाच हलवता येत नाही. पण एक ओळ लिहिली की तो थांबतो. त्याला सांगायचं, मधे तपासू नकोस, सगळं झालं की शेवटी एकदाच तपास. सिस्टरांच्या स्क्रीनवर ती सोय दिलेली नाही. मी लिहू शकतो."

"काल काय केलंत?"

"ती ओळ लिहिली आणि आईंचं नाव चारवर नेलं. मधे तपासणी नाही, म्हणून गेलं. ड्रायव्हरकाकांचं नाव सातवर न्यायला हवं होतं, मग अदलाबदल पुरी झाली असती. मामा म्हणाले, तेवढं करू नकोस." त्याने सातव्या चौकोनावर बोट ठेवलं. "शेवटी तपासणी झाली. चारवर दोन, सातवर कुणी नाही. नियमात बसेना, म्हणून प्रोग्रामने सगळंच रद्द करून पहिल्यासारखं ठेवलं. ते रद्द होणारच होतं. मामांना पंजा कधी उचलायचा ते मी पायाने खुणावलं."

"खोटं बोलतोय," बाबा म्हणाले. आवाज प्रथमच मोठा होता, त्यामुळे कुणी जवळ सरकलं नाही.

"मग दाखवू दे ना त्याला," दादा म्हणाला. सकाळपासून जोडलेले त्याचे हात सुटले होते.

भाच्याने ती एक ओळ लिहिली. आईचं नाव चारवर नेलं. एका चौकोनात दोन नावं आली आणि हॉलमध्ये कुणी उसासा टाकला नाही. मग ड्रायव्हरकाकांचं नाव सातवर नेलं. कळ दाबली. स्क्रीनवर हिरवी अक्षरं उमटली: 'तपासणी पूर्ण. बदल नोंदवला.' नाव चारवर राहिलं. कुणाचा पंजा नाही, मंत्र नाही.

आईने पदर तोंडावरून काढला. चष्मा नीट करून तिने स्क्रीनकडे पाहिलं. "म्हणजे कच्ची शिलाई," ती म्हणाली.

"काय गं?"

"बाही कच्च्या टाक्याने लावायची. तेव्हा ती वाकडीच दिसते, तेव्हा कुणी नावं ठेवायची नाहीत. सगळी लागली की अंगावर चढवून बघायची. बसली तर मशीन मारायची, नाही बसली तर सगळा दोरा उसवायचा. अर्धी बाही ठेवायची नाही." मग तिने भाच्याकडे पाहिलं. "तू अर्ध्यातच ओढून दाखवलीस होय रे आम्हाला."

भाच्याने मान डोलावली.

"माझं नाव सातवर परत ने," आई म्हणाली. "हलतं ते पाहिलं, बास झालं. ड्रायव्हरांना कशाला उठवता. तो वरचा झोत तेवढा बंद करा आणि माझी शाल आणा." भाच्याने दोन्ही नावं आपापल्या जागी परत नेली. भीती अशी एका सकाळीत जात नसते. पण आई उठली, मुलीचा हात धरून आत गेली आणि सात नंबरच्या खुर्चीवर बसली. सिस्टरांनी तिचं वजन केलं, फिल्टरवरचं नाव दोनदा वाचलं आणि यंत्र सुरू केलं.

बाबा निघाले होते. जिन्याने गेले, लिफ्ट त्यांच्याशी काही बोलली नसावी.

हॉलमध्ये लोक हसायला लागले होते, सुटकेचं हसू. तेवढ्यात दुकानदारीणकाकूंचा आवाज आला. मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"मग आमच्या ह्यांना काय झालं होतं?"

हसू थांबलं. काकूंच्या हातात ती टेबलावरची बाटली होती.

"पाळ्या चुकवल्या आम्ही," त्या म्हणाल्या. "बाबा म्हणाले म्हणून. पायांना सूज आली, मी म्हटलं, वजन करून बघू का. बाबा म्हणाले, संशय नको, शेवटी फळ दिसेल. त्यांना पाणी नको होतं. मी पाजलं. माझ्या हाताने पाजलं, एकेक घोट."

मास्तरीणबाईंनी त्यांना धरून बाकावर बसवलं आणि त्याही शेजारी बसल्या. बऱ्याच वेळाने त्या बोलल्या, आणि काकूंशी बोलल्या तरी बोलणं सगळ्यांसाठी होतं.

"काकू, खुर्चीने त्यांना धरलं नव्हतं. तिची भीती त्या माणसाने वापरली. तपासायला थोडं थांबावं लागतं, हे खरं आहे. काम अर्ध्यात असताना सगळंच चुकीचं दिसतं. डॉक्टरही म्हणतात, औषधाला थोडा वेळ द्या. पण ते तपासायचा दिवस सांगतात, आणि त्या दिवशी तपासतात, आणि चुकलं असेल तर चुकलं म्हणतात. हा माणूस म्हणाला, शेवटी बघा, आणि तो शेवट कधी ते सांगितलंच नाही. जो तपासू नका म्हणतो, त्याच्यापाशी एक मिनिट थांबू नका."

काकूंनी मान हलवली. समजलं म्हणून हलवली की नुसतीच, ते कळलं नाही.

त्याच दिवशी सिस्टरांनी वरिष्ठांना कळवलं, काकूंनी पोलिसांत तक्रार दिली आणि भाच्याने खरं ते सांगितलं. तपासणी शेवटी ठेवायची ती सोय आता सिस्टरांच्या स्क्रीनवर आहे. चारचं सातवर, दोनचं पाचवर, अदलाबदल रोज होते. अर्धवट राहिली तर अक्षरं लाल होतात, सगळं पहिल्यासारखं होतं, आणि सिस्टर फक्त "अरेच्चा, एक नाव राहिलं" म्हणतात.

दुकानदारीणकाकू अजून त्या हॉलमध्ये येतात. त्यांचं तिथे कुणी पेशंट नाही. नवा पेशंट आला, नातेवाईक घाबरून बाकावर बसले, की त्या शेजारी जाऊन बसतात आणि विचारतात, पाणी किती देता, वजन केलं का, पाळी चुकली तर नाही ना. कुणी अंगारा, मंतरलेलं पाणी, कुणाचा हात असं काही काढलं, की त्या ऐकून घेतात आणि म्हणतात, "त्याला विचारा, गुण आला की नाही ते कशावरून ठरवायचं, आणि कधी. सगळ्यांना विचारा, डॉक्टरांनासुद्धा विचारा. कोण रागावलं तर रागावू दे. मी विचारलं नव्हतं."